दोन पॅनेलच्या फाइल मॅनेजरमध्ये शेकडो फोटोंतून नेमक्या फाइली कशा निवडाव्यात?

पंचगंगाकाठ यांचा प्रश्न

सर्व जाणकारांना नमस्कार. कोल्हापुरात शाहूपुरीत आमचा फोटो स्टुडिओ आहे आणि तिथले संगणकावरचे सगळे काम मी पाहते. लग्नसराईत एकेका समारंभाचे दोन-अडीच हजार फोटो जमा होतात. फोटो काढायला दोघे जण जातात, दोघांकडे निकॉनचेच कॅमेरे आहेत आणि प्रत्येक फोटो रॉ (कॅमेऱ्याने टिपलेला, प्रक्रिया न केलेला) व जेपीजी अशा दोन्ही प्रकारांत साठवला जातो. म्हणजे एकाच फोटोच्या दोन फाइली होतात; नाव तेच, एक्स्टेन्शन मात्र एकीचे एनईएफ आणि दुसरीचे जेपीजी. लग्नघरची मंडळी फोटो पाहून अल्बमसाठी पसंत पडलेल्यांचे क्रमांक व्हॉट्सॲपवर कळवतात आणि तेवढ्याच फाइली मला मूळ फोल्डरमधून ‘अल्बम’ नावाच्या फोल्डरमध्ये न्यायच्या असतात.

संगणकासोबत येणाऱ्या नेहमीच्या फाइल खिडकीत कंट्रोल दाबून एकेक फाइल निवडत जावे लागते आणि त्यात एखादी क्लिक कंट्रोलवाचून पडली की तोवरची सारी निवड पुसली जाते. म्हणून आमच्याकडे छपाईचे काम करणाऱ्या एका परिचितांनी टोटल कमांडर हा दोन पॅनेलचा, म्हणजे शेजारी शेजारी दोन फोल्डरे दाखवणारा, फाइल मॅनेजर वापरून पाहा असे सुचवले. तो बसवला आहे, परंतु त्याची पद्धत अजून उलगडलेली नाही. उजळ चौकट एका फाइलवर असते आणि लाल अक्षरांतल्या फाइली भलत्याच असतात, अशा वेळी एफ५ दाबले तर कॉपी नेमके काय होते? दुसरे असे की, मदतपुस्तिकेत जिकडेतिकडे नंबर पॅडवरच्या अधिक आणि उण्याच्या कळा सांगितल्या आहेत; माझा लॅपटॉप चौदा इंची असून त्याला नंबर पॅडच नाही. आमची फोल्डरेही वर्ष, महिना, समारंभ, कॅमेरा अशी एकात एक खोल गेलेली आहेत, त्यामुळे निवडीपेक्षा तिथपर्यंत पोहोचण्यातच वेळ जातो.

आणखी एक. २०१९ च्या महापुरानंतर आम्ही सगळ्या कामाची दुसरी प्रत घरी राजारामपुरीत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवतो. त्या दोन डिस्कांमध्ये काय नवे आले आहे ते हाताने शोधून निवडणे फार जिकिरीचे होते. यासाठीही या प्रोग्रॅमचा उपयोग होईल का, हे कृपया सांगावे.

---

करवीरकर यांचा प्रतिसाद

ताई, तुमचा पहिला प्रश्न साऱ्याच्या मुळाशी आहे, म्हणून आधी त्याचे उत्तर सविस्तर देतो. तो उलगडला की बाकीच्या कळा पाठ कराव्या लागत नाहीत, त्या हाताला आपोआप लागतात.

या प्रकारच्या प्रोग्रॅममध्ये तीन गोष्टी एकमेकींपासून पूर्णपणे वेगळ्या ठेवलेल्या असतात. पहिली, दोनपैकी कोणते पॅनेल चालू आहे. दुसरी, त्या पॅनेलमध्ये कर्सर कोणत्या फाइलवर आहे. आणि तिसरी, कोणकोणत्या फाइलींवर खूण केलेली आहे. नेहमीच्या फाइल खिडकीत दुसरी आणि तिसरी गोष्ट जवळजवळ एकच असते, म्हणून तिथे नजर हलली, हात हलला की निवडही हलते. इथे तसे होत नाही. सामानाच्या यादीवरून फिरणारे बोट म्हणजे कर्सर आणि पेन्सिलीने केलेली बरोबरची खूण म्हणजे निवड. बोट कुठेही फिरवले तरी खुणा जागच्या जागी राहतात. तुम्हाला दिसणारी उजळ चौकट म्हणजे कर्सर आणि लाल अक्षरांतली नावे म्हणजे खूण केलेल्या फाइली.

नियम एवढाच आहे. एकाही फाइलवर खूण नसेल तर एफ५ (कॉपी), एफ६ (हलवणे) किंवा एफ८ (पुसणे) ही कळ कर्सरखालच्या फाइलीला लागू होते. एका जरी फाइलीवर खूण असेल, तर ती कळ फक्त खुणेच्या फाइलींना लागू होते आणि कर्सरखालच्या फाइलीचा विचारच होत नाही. तेव्हा तुमच्या उदाहरणात लाल अक्षरांतल्या फाइली जातील आणि चौकटीतली फाइल जागेवर राहील. कॉपी करताना एफ५ दाबल्यावर एक छोटी खिडकी उघडते, तिच्यात किती फाइली जाणार आहेत तो आकडा आणि दुसऱ्या पॅनेलमधल्या फोल्डरचा पूर्ण मार्ग लिहिलेला असतो. एंटर दाबण्याआधी या दोन्ही गोष्टी वाचण्याची सवय लावून घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कारण एफ५ आणि एफ६ शेजारी आहेत आणि एफ६ ने फाइल मूळ जागेवरून हलते. ज्यांच्या लग्नाचे फोटो आहेत त्यांच्यासाठी ती फाइल पुन्हा निर्माण होणारी नसते, म्हणून मूळ फोल्डरमधून नेहमी एफ५ नेच न्यावे.

ही मांडणी आजची नाही. जॉन सोचा यांनी लिहिलेला नॉर्टन कमांडर १९८६ मध्ये डॉस या विंडोजआधीच्या प्रणालीवर आला, तेव्हा ८० अक्षरे रुंदीच्या पडद्याचे दोन भाग करून डावीकडे एक फोल्डर आणि उजवीकडे दुसरे दाखवायचे, आणि एकीकडून दुसरीकडे एका कळेने पाठवायचे, ही पद्धत रूढ झाली. तेव्हा अनेक संगणकांना माउस नव्हता, त्यामुळे सर्व काही कळफलकावरून होणे भाग होते. लिनक्सवरचा मिडनाइट कमांडर, विंडोजवरचा फार मॅनेजर आणि तुम्ही बसवलेला टोटल कमांडर हे सारे त्याच घराण्यातले आहेत. टोटल कमांडर स्वित्झर्लंडच्या ख्रिश्चन गिसलर यांनी १९९३ मध्ये आणला, त्या वेळी त्याचे नाव विंडोज कमांडर होते. २००२ मध्ये ते बदलले. एक कळ शिकली की ती या सगळ्यांत जवळजवळ तशीच चालते, हा मोठा लाभ आहे.

आता खूण करण्याविषयी. इन्सर्ट दाबले की कर्सरखालच्या फाइलीवर खूण होते आणि कर्सर एक ओळ खाली सरकतो, म्हणून इन्सर्ट दाबत राहिले की सलग फाइली निवडल्या जातात. पुन्हा दाबले की खूण निघते. स्पेस दाबल्यासही खूण होते, मात्र फोल्डरवर स्पेस दाबली तर खुणेसोबत त्या फोल्डरचा एकूण आकारही मोजून दाखवला जातो. पेन ड्राइव्हमध्ये मावेल का, हे पाहायला ही सोय फार उपयोगी पडते. शिफ्टसह खालचा-वरचा बाण, किंवा शिफ्टसह एंड, यांनीही सलग पट्टा निवडता येतो. माउसच हवा असेल तर सेटिंगमध्ये उजव्या बटनाने निवड करण्याचा पर्याय जरूर घ्यावा. त्यात डावी क्लिक फक्त कर्सर हलवते आणि खुणांना हात लावत नाही, तर उजवी क्लिक खूण करते. उजवे बटन दाबून खाली ओढले की ओळीने खुणा होतात, आणि एरवी उजव्या क्लिकवर उघडणारा मेनू हवा असेल तर बटन क्षणभर दाबून धरावे लागते. तुमची मुख्य अडचण, म्हणजे एका चुकीच्या क्लिकने सारी निवड जाणे, या एका पर्यायाने संपते.

फोल्डरांमधून फिरण्याविषयी थोडक्यात लिहितो. टॅबने पॅनेल बदलते, एंटरने फोल्डर उघडते, बॅकस्पेसने एक पायरी वर येता येते. ऑल्टसह एफ१ ने डाव्या पॅनेलचा ड्राइव्ह बदलतो, ऑल्टसह एफ२ ने उजव्याचा. तुमच्यासाठी सर्वांत मोलाची कळ कंट्रोल आणि डी ही आहे. नेहमीची फोल्डरे तिथल्या यादीत एकदा नोंदवून ठेवली, की पाच पायऱ्या खोल असलेल्या फोल्डरमध्येही थेट जाता येते. चालू हंगामाचे फोल्डर, अल्बमचे फोल्डर आणि दुसरी डिस्क एवढ्या तीन नोंदी पुरेत. यादी लांबवली की तीतच शोधावे लागते. कंट्रोल आणि टी ने त्याच पॅनेलमध्ये आणखी एक टॅब उघडतो, त्यामुळे दोन्ही कॅमेऱ्यांची फोल्डरे डावीकडे दोन टॅबमध्ये आणि अल्बम उजवीकडे असे ठेवता येते. मागे कुठे होतो ते आठवत नसेल तर ऑल्टसह खालचा बाण दाबल्यास आधीच्या फोल्डरांची यादी मिळते. डाव्या पॅनेलमध्ये एखाद्या फोल्डरवर कर्सर ठेवून कंट्रोलसह उजवा बाण दाबला, तर ते फोल्डर उजव्या पॅनेलमध्ये उघडते. ही कळ फारशी कोणी सांगत नाही, पण एकदा वापरल्यावर तिच्यावाचून करमत नाही.

फोल्डरांची नावे तारखेने सुरू करावीत, आणि तीही वर्ष, महिना, दिवस या क्रमाने. २०२४-१२-०५ असे नाव असेल तर नावानुसार लावलेला क्रम आणि तारखेनुसार लावलेला क्रम एकच होतो. पुढे ‘जोतिबा चैत्र यात्रा’ किंवा ‘शाही दसरा’ असे खुशाल मराठीत लिहावे. अंक मात्र सगळीकडे इंग्रजीच टंकावेत, कारण संगणकाच्या दृष्टीने देवनागरी ५ आणि इंग्रजी 5 ही दोन वेगळी अक्षरे आहेत आणि मिसळली की क्रमही बिघडतो व शोधही फसतो.

---

कळंबा रोड यांचा प्रतिसाद

करवीरकरांनी पाया उत्तम घातला आहे. मी क्रमांकांच्या यादीवरून निवड करण्याविषयी लिहितो, कारण अल्बमच्या मांडणीचे काम मी करतो आणि रोज हेच लागते.

नंबर पॅडवरची अधिकची कळ दाबली की एक चौकट उघडते आणि तीत फाइलींच्या नावाचा नमुना विचारला जातो. तारका म्हणजे कितीही अक्षरे आणि प्रश्नचिन्ह म्हणजे नेमके एक अक्षर. *.जेपीजी असे लिहिले (अर्थात प्रत्यक्षात रोमन अक्षरांत) की सगळ्या जेपीजी फाइलींवर खूण होते. उण्याची कळ तशीच चौकट उघडते, पण नमुन्यात बसणाऱ्या फाइलींवरची खूण काढते. नंबर पॅडवरची तारका निवड उलटी करते, म्हणजे निवडलेल्या सुटतात आणि सुटलेल्या निवडल्या जातात. अधिकने केलेली निवड आधीच्या निवडीत भर घालते, आधीची पुसत नाही, ही गोष्ट मनात पक्की करून घ्यावी. पुढचे सगळे काम तिच्यावरच उभे आहे.

तुमच्या लॅपटॉपला नंबर पॅड नसला तरी अडत नाही. वरच्या पट्टीतल्या ‘मार्क’ मेनूमध्ये हीच सगळी कामे आहेत. रोजच्या वापरासाठी मात्र सेटिंगमधल्या इतर गोष्टींच्या पानावर कळा बदलण्याची सोय आहे, तिथे ‘गट निवडा’ आणि ‘गट सोडा’ या दोन आज्ञांना हाताशी असलेल्या कळा देऊन टाकाव्यात. पर्याय म्हणून यूएसबीचा सुटा नंबर पॅडही बाजारात मिळतो. हंगामात दिवसभर हेच काम असेल तर मी तोच घेण्याचा सल्ला देईन, कारण अधिक, उणे आणि तारका उजव्या हाताच्या बोटांखाली राहिल्या की डोळे पडद्यावरून हलवावे लागत नाहीत.

आता यादी. लग्नघरून ‘४५१२, ४५१८, ४५३०’ असा संदेश आला आहे असे धरू. तो नोटपॅडमध्ये चिकटवावा. बदलण्याच्या चौकटीत ‘स्वल्पविराम आणि जागा’ शोधायला सांगावे आणि त्याऐवजी ‘.* *_’ घालायला सांगावे. मग अगदी सुरुवातीला ‘*_’ आणि अगदी शेवटी ‘.*’ हाताने जोडावे. तयार झालेली ओळ ‘*_४५१२.* *_४५१८.* *_४५३०.*’ अशी दिसेल. ती उचलून अधिकच्या चौकटीत चिकटवली की ज्यांचे नाव खालची रेघ, तो क्रमांक आणि टिंब असे संपते त्या सर्व फाइलींवर खूण होते. टिंबानंतर तारका असल्यामुळे एनईएफ आणि जेपीजी ही जोडी एकदमच निवडली जाते. टोटल कमांडरमध्ये नमुने जागा सोडून लिहितात. काही लग्नघरे प्रत्येक क्रमांक नव्या ओळीवर पाठवतात, तेव्हा आधी सगळे एका ओळीत आणावे लागते. मी तर आता यादी मागतानाच स्वल्पविराम देऊन पाठवा असे सांगतो.

खालच्या रेघेला आणि टिंबाला फार महत्त्व आहे. नुसते *४५१२* असे लिहिले तर ज्या कॅमेऱ्यांच्या फाइलींना पाच आकडी क्रमांक असतात त्यांच्यातला १४५१२ ही निवडला जातो. निकॉन आणि कॅननच्या नेहमीच्या नावांत चार आकडे आणि त्यांच्या आधी खालची रेघ असते, म्हणून हा नमुना तुम्हाला लागू पडेल.

यादी लांब असेल तर एका वेळी वीस-पंचवीस क्रमांक असे तुकडे करून ते लागोपाठ द्यावेत. वर म्हटल्याप्रमाणे प्रत्येक तुकडा आधीच्या निवडीत मिळवला जातो. शेवटी पॅनेलच्या तळाशी असलेल्या ओळीकडे पाहावे. तिथे किती फाइली निवडल्या आहेत आणि एकूण किती आहेत हे लिहिलेले असते. यादीत ६० क्रमांक असतील तर १२० फाइली निवडलेल्या दिसायला हव्यात. ११८ दिसल्या तर एखादा क्रमांक चुकीचा कळवलेला आहे किंवा दोन फोटोंची जोडी अपुरी आहे; १२४ दिसल्या तर तेच क्रमांक दोनदा आलेले फोटो आहेत. हा आकडा जुळल्याशिवाय एफ५ दाबू नये.

१२४ कसे होतील, असे कोणाला वाटेल, म्हणून तुमच्या स्टुडिओशी थेट संबंध असलेली एक गोष्ट सांगतो. तुमच्या दोघा छायाचित्रकारांचे कॅमेरे एकाच कंपनीचे आहेत, म्हणजे दोघांच्याही फाइलींची नावे एकाच अक्षरांनी सुरू होतात, आणि ९९९९ झाल्यावर क्रमांक पुन्हा ०००१ पासून सुरू होतो. एका लग्नात दोन्ही कॅमेऱ्यांत ४५१२ असणे अगदी शक्य आहे. कंट्रोल आणि बी दाबले की समारंभाच्या फोल्डरमधली दोन्ही कॅमेऱ्यांची उपफोल्डरे एका सलग यादीत दिसतात आणि निवड एकदमच करता येते. ही सोय फार चांगली आहे, पण तिथून एफ५ केले की सगळ्या फाइली एकाच फोल्डरमध्ये उतरतात आणि सारख्या नावाच्या दोन फाइली समोरासमोर येतात. त्या वेळी प्रोग्रॅम विचारतो, पण घाईत ‘सगळ्यांवर लिहा’ निवडले गेले तर एका कॅमेऱ्याचा फोटो अल्बमच्या फोल्डरमध्ये येतच नाही. म्हणून कार्डावरून फोटो उतरवले की लगेच, निवडीच्या कितीतरी आधी, दोन्ही फोल्डरांतल्या फाइलींची नावे बदलून घ्यावीत. सगळ्या फाइली निवडून कंट्रोल आणि एम दाबल्यास एकगठ्ठा नाव बदलण्याची खिडकी उघडते. एका कॅमेऱ्याच्या नावांआधी ‘ए_’ आणि दुसऱ्याच्या आधी ‘बी_’ घालावे, रोमन अक्षरांतच. लग्नघरी फोटो दाखवतानाही हीच नवी नावे जायला हवीत, म्हणजे यादीच ‘ए ४५१२’ अशी येईल.

---

पंचगंगाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. क्रमांकांचा नमुना करून पाहिला आणि तळाच्या ओळीतला आकडा यादीशी जुळला. दोन शंका उरल्या आहेत. कॉपी करून झाल्यावर लाल खुणा निघून जातात. त्याच फाइली पुन्हा दुसऱ्या फोल्डरमध्ये पाठवायच्या असतील, उदाहरणार्थ एक प्रत अल्बमला आणि एक पेन ड्राइव्हवर, तर निवड नव्याने करावी लागते का? आणि निवड अर्धवट असताना दुसऱ्या फोल्डरमध्ये डोकावून आले तर ती टिकते का?

---

करवीरकर

ताई, कॉपी झालेल्या फाइलींवरची खूण निघते, ते योजूनच केलेले आहे. एखादी फाइल वगळली गेली किंवा काम मध्येच थांबवले, तर न गेलेल्या फाइली लालच राहतात आणि काय उरले ते लगेच दिसते. आधीची निवड परत आणण्यासाठी नंबर पॅडवरची तिरकी रेघ आहे; ‘मार्क’ मेनूतही ती आज्ञा सापडेल. ती दाबावी, उजव्या पॅनेलमध्ये पेन ड्राइव्ह उघडावा आणि पुन्हा एफ५ करावे.

दुसऱ्या शंकेचे उत्तर नाही असे आहे. निवड ही समोरच्या यादीची असते, ते फोल्डर सोडले की ती गेली असे धरूनच चालावे. डोकावायचे असेल तर दुसऱ्या पॅनेलमधून डोकवावे. मोठी निवड दुसऱ्या दिवसापर्यंत टिकवायची असेल, तर ‘मार्क’ मेनूतून ती मजकुराच्या फाइलीत साठवता येते आणि तशीच परत उचलताही येते. प्रत्येक लग्नाची अशी यादी त्याच फोल्डरमध्ये ठेवलीत, तर वर्षभराने कोणी अल्बमची दुसरी प्रत मागितली तरी फोटो पुन्हा शोधावे लागणार नाहीत.

---

उत्तरेश्वर घाट यांचा प्रतिसाद

दोन डिस्कांच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून लिहितो. माझे मत थोडे वेगळे आहे. दुसरी प्रत ठेवण्याच्या कामात हाताने निवड करूच नये. डोळ्यांनी पाहून ‘हे नवे, हे जुने’ ठरवणे शंभर फाइलींपर्यंत ठीक आहे, पण वर्षभराच्या कामाला ते पुरे पडत नाही.

एकाच फोल्डरचा प्रश्न असेल तर डावीकडे मूळ आणि उजवीकडे दुसरी प्रत उघडून शिफ्टसह एफ२ दाबावे. ज्या फाइली दुसऱ्या बाजूला नाहीत, किंवा असल्या तरी जुन्या आहेत, त्यांवर आपोआप खूण होते. मग एफ५ तेवढ्यांनाच लागू होतो. अनेक उपफोल्डरे असतील तर ‘कमांड्स’ मेनूतली फोल्डरे जुळवण्याची आज्ञा घ्यावी. तिथे उपफोल्डरांसह तुलना होते, प्रत्येक फाइलीपुढे कोणत्या दिशेला जायचे तो बाण दिसतो, आणि तुम्ही मंजुरी दिल्याशिवाय काहीही हलत नाही. बाण डावीकडून उजवीकडेच आहेत ना, हे तेवढे नीट पाहावे. दुसऱ्या प्रतीकडून मूळ डिस्ककडे जाणारा एखादा बाण दिसला, तर त्याचे कारण कळेपर्यंत मंजुरी देऊ नये.

तुलना सहसा नाव, आकार आणि तारीख यांवर होते. ती वेगाने होते, परंतु फाइलीच्या आत बिघाड झाला असेल तर तो तिला दिसत नाही. त्याच खिडकीत मजकुराप्रमाणे तुलना करण्याचा पर्याय आहे. त्याला वेळ पुष्कळ लागतो, म्हणून हंगाम संपल्यावर एकदा रात्रभर लावून ठेवावा. फाइलींची चेकसम यादी (प्रत्येक फाइलीच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) करून ठेवण्याची आणि पुढे ती पडताळून पाहण्याची सोयही ‘फाइल्स’ मेनूत आहे. ज्या डिस्का वर्षानुवर्षे कपाटात राहणार आहेत त्यांच्यासाठी ती अवश्य करावी.

ही जुळवणी आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी व्हावी, असा माझा आग्रह आहे. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीवर पोहोचले की शाहूपुरीतला माणूस सामान वरच्या मजल्यावर चढवण्यात गुंततो, आणि ४३ फुटांच्या धोका पातळीनंतर तर वीज राहील की नाही याचीही खात्री नसते. त्या वेळी डिस्क उचलून नेता येईल, पण तुलना करत बसता येणार नाही. जून उजाडण्याआधी दोन्ही डिस्का जुळलेल्या असाव्यात आणि पावसाळाभर राजारामपुरीतली डिस्क फक्त जुळवणीपुरती खाली आणावी.

ज्यांना टोटल कमांडरचा परवाना घ्यायचा नसेल त्यांनी डबल कमांडर पाहावा. तो मुक्त स्रोत असून विनामूल्य आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतो, आणि टॅब, इन्सर्ट, एफ५, अधिक-उणे या मूळ कळा तशाच आहेत. फरक एवढाच की तिथे अनेक नमुने लिहिताना त्यांच्यामध्ये अर्धविराम द्यावा लागतो, त्यामुळे कळंबा रोड यांनी सांगितलेल्या ओळीत जागेऐवजी अर्धविराम घालावा.

---

पंचगंगाकाठ

फोल्डरे जुळवण्याची आज्ञा आजच पाहिली. २०२१ च्या फोल्डरांपुढे काही बाण दुसऱ्या प्रतीकडून मूळ डिस्ककडे येताना दिसत आहेत. फाइलींचा आकार दोन्हीकडे सारखाच आहे, तारीख तेवढी घरच्या प्रतीवर नंतरची दिसते. याचा अर्थ काय लावावा?

---

उत्तरेश्वर घाट

आकार सारखा आणि तारीख वेगळी असेल, तर बहुतेक वेळा कॉपी करणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने मूळ तारीख न राखता कॉपी केल्याची तारीख लावलेली असते. खात्री करूनच पुढे जावे. त्या एका फोल्डरपुरती मजकुराप्रमाणे तुलना लावा. ज्या फाइली समान ठरतील त्यांच्यापुढे बाणाऐवजी बरोबरचे चिन्ह येईल, त्यांना काहीच करू नका. असमान ठरलेल्या जेपीजी असतील तर दोन्ही उघडून पाहा; छपाईसाठी रंग सुधारताना घरच्या प्रतीवरच काम झालेले असू शकते, आणि तशा फाइली वेगळ्या नावाने मूळ डिस्कवर आणून ठेवाव्यात. एनईएफ फाइल असमान निघाली तर मात्र दोन्ही प्रती तशाच ठेवा, कोणतीही दुसरीवर लिहू नका, आणि रॉ उघडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दोन्ही पूर्ण आकारात पाहून मगच ठरवा.